मुंबईची नक्षी फक्त फोर्टातच का शोधायची? (गिरणगाव आणि आसपासच्या इमारतींमधले तपशील)

तिसरी_पाळी

मुंबईच्या जुन्या इमारतींचा विषय निघाला की गाडी बोरीबंदरहून सुटते आणि काळ्या घोड्याला थांबते. तिथलं कोरीवकाम मलाही आवडतं, त्याबद्दल वाद नाही. पण १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली आणि तिथून हे शहर गिरण्यांचं झालं. पुढची सव्वाशे वर्षं त्याचं पोट भायखळा, लालबाग, परळ, वरळीने भरलं. फोर्टातल्या कित्येक इमारतींना लागलेला पैसा कापसाचा आहे. तो जिथे खर्च झाला तिथे आपण माना वर करून बघतो. जिथे तो तयार झाला तिथे कोणी बघत नाही.

माझं म्हणणं असं, की गिरणगावातही बघण्यासारखं भरपूर होतं आणि थोडं अजून आहे. गिरण्यांच्या दारांवरच्या कमानी, त्यांवर गिलाव्यात काढलेली नावं आणि सालं, चिमणीच्या माथ्याशी विटांचे कंगोरे, बिडाचे खांब, चाळींचे लाकडी कठडे, दारावरच्या झरोक्यांच्या जाळ्या, नक्षीच्या लाद्या. १९९५च्या वारसा नियमावलीनंतर मोठमोठ्या इमारतींची यादी झाली, त्यांना थोडंफार संरक्षण मिळालं. चाळीच्या जिन्यावरचा कठडा कोण यादीत घालणार? पाडकाम सुरू झालं की बीड किलोवर जातं, सागवान चोरबाजारात, आणि गिलावा डेब्रिसच्या ट्रकमध्ये.

तुमच्या पाहण्यात किंवा आठवणीत असे कोणते तपशील आहेत? नाका किंवा गल्ली, आणि काय दिसतं, एवढं लिहिलंत तरी पुरे. फोर्टातलं लिहिलंत तरी चालेल, पण जमल्यास कापसाशी नातं जोडून.

आजोळ_गिरगाव

फार जिव्हाळ्याचा विषय. वाचते आहे. आठवेल तसं लिहीन.

नाना_दादर

तुमचा मुद्दा पटतो, पण सुरुवात किपलिंगसाहेबांपासूनच करायला हवी. लॉकवुड किपलिंग जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरचे ते शेतकरी आणि आतलं कारंजं त्यांचं. बोरीबंदरवरची फुलं-पानं, माकडं, मोर, सगळी त्यांच्याच हातची. त्यांनी इथल्या मुलांना दगड घडवायला शिकवलं नसतं तर मुंबई अर्धी बोडकी राहिली असती.

वास्तुरंग

नानाकाका, क्रॉफर्ड मार्केटबद्दल शंभर टक्के बरोबर. इमारत विल्यम इमर्सनची, १८६९ची, आणि शिल्पपट्ट किपलिंगचे. पण बोरीबंदरचा हिशेब सालांनी जुळत नाही. किपलिंग १८६५ला मुंबईत आले आणि १८७५ला लाहोरच्या कलाशाळेत गेले. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या स्टेशनचं बांधकाम १८७८ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. तेव्हा जेजेत जॉन ग्रिफिथ्स होते. खांबांच्या माथ्यावरची पानं, त्यांत लपलेले प्राणी-पक्षी, मोराच्या पिसाऱ्याची कमान, हे जेजेच्या विद्यार्थ्यांचं आणि इथल्या पाथरवटांचं काम. घुमटावरची 'प्रगती' (उजव्या हातात मशाल, डाव्या हातात चाक) मात्र थॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची.

हे मुद्दाम लिहितोय, कारण सगळं श्रेय एका साहेबाच्या नावावर जमा झालं की बाकीचे हात दिसेनासे होतात. ते हात इथल्याच मुलांचे होते.

आणि बोरीबंदरला गेलात तर दर्शनी भिंतीवरच्या गोलांत नाना शंकरशेट शोधा. जमशेटजी जीजीभॉयही आहेत. रेल्वे कंपनीच्या संचालकांचे मुखवटे आहेत ते. रोज लाखो लोक खालून जातात.

नाना_दादर

लाहोरचा दुवा छान दिलात. शंकरशेटांचा गोल नेमका कुठल्या बाजूला, हे कुणी फोटोवर खूण करून टाकाल का? नातवाला दाखवायचा आहे.

रेवती_म

कापसाशी नातं हवंय ना? मग राजाबाई टॉवर घ्या. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ला त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि आईचं नाव द्यायला सांगितलं. पैसा कुठून आला? अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, लँकेशायरला तिथला कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. १८६५ला युद्ध संपलं तसे भाव कोसळले, शेअर बाजार बुडाला, प्रेमचंदही बुडाले. टॉवर तरीही १८७८ला पुरा झाला.

आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा. त्याने मुंबईत पाऊलही ठेवलं नाही, लंडनहून कागद पाठवले. पण टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या २४ मूर्ती आहेत, त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्या इंजिनिअरने घडवले. पगड्या बघा, धोतराच्या निऱ्या बघा. लंडनमध्ये बसून कोणाला ती पगडी बांधता आली नसती. दुर्बीण घेऊन ओव्हलवर उभं राहायचं, रस्त्यावरून नुसत्या डोळ्यांनी फार कमी दिसतं.

भटक्या_कुर्ला

हायकोर्टातल्या माकडाचं कोणी लिहिलं नाही अजून! एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं माकड हातात तराजू घेऊन न्याय देतंय. शेजारी वकिलाच्या पोशाखातला कोल्हा. अशी गोष्ट सांगतात की दगडाच्या कामाच्या एका पोटकंत्राटदाराचे पैसे थकले, तो कोर्टात गेला, हरला, आणि त्याने इमारतीवरच निकाल कोरून ठेवला. गोष्ट खरी असो वा नसो, माकड आहे, आणि ते कोणी काढून टाकलं नाही याचं मला फार बरं वाटतं.

आजोळ_गिरगाव

भटक्या, आमचे आजोबा हे माकड दाखवायला आम्हा सगळ्या भावंडांना घेऊन गेले होते. पोरांनी नंतर महिनाभर घरातल्या प्रत्येक भांडणात एक डोळा झाकून निकाल दिले.

साचेवाल्याची_लेक

धागा चांगला आहे पण मला थोडं वेगळं बोलायचंय. माझे वडील गिरणीत साचेखात्यात (कापड विणायच्या मागांवर) होते, १९८२च्या संपापर्यंत. आम्ही बीडीडी चाळीत वाढलो. तिथे नक्षी शोधायला येणाऱ्यांना मी आधीच सांगते, काही सापडणार नाही. १९२०च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी बांधल्या. सिमेंटच्या भिंती, मधून जाणारा अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास मजल्याच्या टोकाला. एक कंगोरा नाही, एक फूल नाही. ज्यांच्या घामावर ते घुमट उभे राहिले त्यांना राहायला हे मिळालं.

आणि लाकडी चाळींचं म्हणाल, तर त्या कठड्यांच्या फोटोंना लोक 'किती सुंदर' म्हणतात तेव्हा मला आमच्या मावशीची गॅलरी आठवते. तुळई कुजलेली, टेकू लावलेले, पावसाळ्यात रात्रभर जाग. आज तिला पाचशे फुटांचं घर मिळणार आहे, आत स्वतःचं न्हाणीघर. तिच्या कठड्यासाठी हळहळायला मी तयार नाही.

तिसरी_पाळी

ताई, तुमचा प्रत्येक शब्द मान्य. पुनर्विकास थांबवा असं मी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. घर माणसांसाठी असतं. पाडायच्या आधी फोटो काढा, मापं घ्या, एखादा खांब एखादी लादी जपा, एवढंच मागणं आहे.

पण बीडीडीत काही नाही, हेसुद्धा नोंदवायला हवं असं मला तुमचं वाचून वाटायला लागलंय. त्याच सुमाराला त्याच शहरात कोणत्या भिंतीवर फूल आलं आणि कोणत्या भिंतीवर नाही, हे शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर बरंच कळतं.

साचेवाल्याची_लेक

हे पटलं. मग आणखी एक लिहून घ्या. नक्षी आम्ही स्वतः आणली. बोळात दरवाजासमोर रांगोळी, चौकटीला तोरण, सुताराकडून करून घेतलेला लाकडी देव्हारा, भिंतीतल्या फळीवर ओळीने लावलेली पितळेची भांडी. दसऱ्याला गिरणीत साच्यांना झेंडूच्या माळा घालत, घरची माणसं आत जाऊन बघत. वडील ज्या साच्यावर काम करत त्याला हळदकुंकू लावलेलं मला अजून दिसतं. इमारतीच्या पुस्तकात हे येत नाही, पण शोभा म्हणाल तर आमच्यासाठी हीच होती.

प्रसन्न_औंध

+१. या प्रतिसादासाठी धाग्याची वाचनखूण साठवली.

बॉयलर_हाऊस

चिमणीबद्दल थोडं. बॉयलरवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून.

चिमणीची उंची शोभेची नसते. गरम धूर हलका, वर जातो, त्याच्या जागी खालून हवा भट्टीत ओढली जाते. उंची जितकी जास्त तितका ओढा जास्त. गोल बांधतात कारण वाऱ्याचा दाब चौकोनीपेक्षा कमी बसतो. वर निमुळती, म्हणजे वजन खाली राहतं. भोवती दिसणारे लोखंडी पट्टे हे उष्णतेने विटांना पडणाऱ्या भेगा आवळून धरायला. आणि माथ्याशी विटा पायरीपायरीने बाहेर काढून जो मुकुट केलेला असतो, त्याने पावसाचं पाणी बुंध्यावरून न ओघळता थोडं लांब पडतं. पण एवढ्यासाठी एक साधी पट्टी पुरली असती. तीन तीन थर, मध्ये दात्यांची रांग, हे गवंड्याने हौसेने केलेलं काम आहे. दीडशे फुटांवर, जिथे खालून कोणी बारकाईने बघणार नाही, तिथे. मला त्या गवंड्याबद्दल फार आदर आहे.

१९१५ला खोपोलीची टाटांची वीज गिरण्यांना मिळायला लागली, वाफेच्या इंजिनांचं काम कमी होत गेलं. तरी चिमण्या राहिल्या, कारण रंगखात्याला आणि खळ लावायला वाफ लागतेच. लोअर परळच्या फिनिक्सची चिमणी मॉलच्या आवारात आजही उभी आहे, मुकुट नीट दिसतो.

दुसरं, करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. काचा उत्तरेकडे, म्हणजे सूतकामाला लख्ख उजेड पण थेट ऊन नाही. दोन दात्यांमधल्या पन्हळीत पावसाचं पाणी साचतं. ते कुठे जातं? पुष्कळ ठिकाणी खालचे बिडाचे खांब पोकळ असतात आणि पाणी त्यांच्या पोटातूनच खाली जातं. खांबही तोच, पाइपही तोच.

वास्तुरंग

हे उत्तम सांगितलंत. भर घालतो, बिडाचा खांब दिसला की आधी वाकून त्याचा पाय बघा. ओतशाळेचं नाव आणि गाव पुष्कळदा तळाशी उठावात असतं. रंगाचे थर चढलेले असतात, बोटाने चाचपलं तर अक्षरं लागतात. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल १८६०च्या दशकातलं, त्याचा सगळा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणून इथे जोडला. गिरण्यांचे बरेच खांब आणि यंत्रंही तिकडूनच येत.

मँचेस्टरचा_बाब्या

इकडचं लिहू का? धाग्याशी सरळ संबंध आहे, कारण आपल्या गिरण्यांची मापं या गावावरून घेतली गेली.

मँचेस्टरचं चिन्ह कामकरी मधमाशी. १८४२ला शहराच्या मानचिन्हात ती आली. आता कचऱ्याच्या डब्यापासून रस्त्याच्या खुंट्यांपर्यंत सगळीकडे आहे. सगळ्यात देखणी टाऊन हॉलमध्ये, आल्फ्रेड वॉटरहाऊसच्या १८७७च्या इमारतीत, मोठ्या दिवाणखान्याबाहेरच्या फरशीवर मोझेइकमध्ये बसवलेली. आत फोर्ड मॅडॉक्स ब्राऊनची बारा भित्तिचित्रं, त्यांतलं एक धावत्या धोट्याचा शोध लावणाऱ्या जॉन केवर, एक बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या फ्लेमिश विणकरांवर. इमारत २०१८पासून दुरुस्तीसाठी बंद केली होती.

आणि रॉयल एक्स्चेंज. एके काळी जगातल्या कापसाचा व्यवहार जिथे होई ते दालन आता नाट्यगृह आहे. भिंतीवर वर भावांचा फलक तसाच ठेवलाय, १९६८ला व्यवहार थांबला त्या शेवटच्या दिवसाचे आकडे. मी ते बघायला गेलो तेव्हा माझ्या आजोबांची आठवण आली, ते परळला गिरणीच्या त्रासनखात्यात (सूत कातायच्या खात्यात) होते. इकडचा माणूस सूत करतो तेच यंत्र, तिकडचा करतो तेच यंत्र, आणि दोघांची कधी भेट नाही.

माझा प्रश्न असा. इथे गावाने विणकर भिंतीवर रंगवला. मुंबईत एखाद्या सार्वजनिक इमारतीवर कापसाचं काम करणारा माणूस कोरलेला आहे का?

रेवती_म

आहे! दोन जागा सांगते.

फोर्टात महात्मा गांधी मार्गावर न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत, १९३६ची. वास्तुरचनाकार मास्टर, साठे आणि भुता, शिल्पकार एन. जी. पानसरे. दर्शनी भिंतीवर पुरुषभर नव्हे, त्याहून कितीतरी उंच अशा दगडी आकृती आहेत. देव नाहीत, राणी नाही, साहेब नाही. शेतकरी, कुंभार, सूत कातणारी बाई. चेहरे आपले. बोरीबंदरनंतर पन्नास वर्षांत या शहराच्या भिंतीवर कोण उभं राहायला लागलं बघा.

दुसरी काळबादेवीला, शेख मेमन स्ट्रीटवरची कॉटन एक्स्चेंज. तिच्या उठावशिल्पात कापसावर राबणारी माणसं आहेत. रस्ता इतका गजबजलेला की मान वर करायला जागा मिळत नाही. समोरच्या फुटपाथवर एखाद्या दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं, दुकानदार सहसा काही म्हणत नाहीत.

मँचेस्टरचा_बाब्या

पुढच्या वेळी आलो की दोन्ही नक्की. मनापासून आभार रेवतीताई.

प्रसन्न_औंध

फोर्टातली बारीक नक्षी काही ठिकाणी पार झिजलेली, काळी पडलेली दिसते आणि शेजारची भिंत मात्र ठणठणीत. असं का?

वास्तुरंग

दगड वेगळा. भिंतीला बहुधा कुर्ल्याचा किंवा मालाडचा दगड, ज्वालामुखीचा, कडक. त्यात बारीक पाकळी कोरायला छिन्नी रडते. म्हणून कोरीवकामाला पोरबंदरचा चुनखडीचा दगड आणत. तो मऊ, हवं तसं कोरता येतं, पण धुरातला गंधक आणि पावसाचं पाणी एकत्र आलं की त्या आम्लाने चुनखडीचं जिप्सम होतं. आधी काळी खपली धरते, मग ती खपली नक्षीसकट सुटते. खारा वारा आहेच जोडीला.

म्हणजे गिरण्यांच्या पैशाने कोरलेलं फूल गिरण्यांच्या कोळशाने खाल्लं. दुरुस्ती करताना सिमेंट थापलं तर आणखी वाट लागते. सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात, आणि ते दगडाला श्वास घेऊ देत नाही. चुन्यातच काम करायला हवं, आणि चुन्यात काम करणारे गवंडी आता शोधावे लागतात.

लादीवेडी

शेवटी माझा विषय आला. लाद्या!

दोन प्रकार वेगळे ओळखा. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात (१८७२ला उघडलं, तेव्हाचं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट) पायाखाली आहेत त्या इंग्लंडच्या मिंटनच्या, मातीच्या, भाजलेल्या. रंगीत माती साच्यात भरून भट्टीत पक्की केलेली. आणि आपल्या चाळी, दादर-माटुंग्याची घरं, इराणी हॉटेलं यांत दिसतात त्या सिमेंटच्या. त्या भट्टीत जातच नाहीत. लोखंडी चौकटीत पितळेची जाळी ठेवायची, तिच्या प्रत्येक कप्प्यात वेगळ्या रंगाचं पातळ सिमेंट ओतायचं, जाळी अलगद उचलायची, मागून कोरडं सिमेंट भरून दाबयंत्रात दाबायची, मग पाण्यात मुरवायची. रंगाचा थर चांगला जाड असतो, म्हणून शंभर वर्षं पाय घासले तरी फूल पुसलं जात नाही. उलट चमक वाढते.

१९२२ला भारत फ्लोअरिंग्जने उरणला हे काम सुरू केलं, स्वदेशीच्या भावनेतून. परदेशी लाद्यांपेक्षा आपली कमी पडू नये म्हणून. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. गिरणगावातल्या माणसाच्या पायाखालीही नक्षी आली ती या सिमेंटच्या लादीमुळे.

जुनी लादी घरात असेल तर अॅसिडने धुऊ नका, हात जोडून सांगते. साबण आणि नारळाच्या किशीने पुसा.

आजोळ_गिरगाव

आमच्या आजोळच्या माजघरात लाल-काळ्या-पांढऱ्या लाद्या होत्या, जवळ बसलं की चौकोन दिसत आणि दारातून बघितलं की तारे. आम्ही त्यांवर सागरगोटे खेळायचो. घर विकलं तेव्हा आईने एक लादी मागून घेतली. आता तुळशीच्या कुंडीखाली आहे.

भटक्या_कुर्ला

थोडं अवांतर, पण गिरणीमालकांशी संबंध आहे. पारशी मंडळी गिरण्यांत पुढे होती, दावर, पेटिट, टाटा. त्यांच्या अग्यारींची दारं बघा. फोर्टातली मानेकजी सेठ अग्यारी आणि दादाभाई नौरोजी मार्गावरची वाच्छा अग्यारी. दोन्हींच्या दाराशी पंख असलेले, दाढीवाल्या माणसाच्या तोंडाचे प्रचंड बैल उभे आहेत. पर्सेपोलिसहून घेतलेलं रूप. आत आपल्याला जाता येत नाही, पण बाहेरूनही पोट भरतं.

तिसरी_पाळी

अवांतर कसलं, हे हवंच होतं. त्याच माणसांनी गिरणीचं दार कसं बांधलं आणि अग्यारीचं कसं, हे शेजारी ठेवायला पाहिजे.

नाना_दादर

दादर-शिवाजी पार्क-हिंदू कॉलनीही घ्या यादीत. तीस-चाळीस सालातल्या त्या इमारती, गोलाकार गॅलऱ्या, खिडक्यांवर डोळ्यांच्या पापण्यांसारखे सज्जे, जहाजासारख्या गोल खिडक्या, जिन्याच्या जाळीत उगवता सूर्य. मरीन ड्राइव्ह-ओव्हलच्या त्याच शैलीच्या (आर्ट डेको) इमारती २०१८ला युनेस्कोच्या यादीत गेल्या. दादरच्या गेल्या नाहीत. आमच्या सोसायटीच्या फाटकावरचा लोखंडी सूर्य रंगाऱ्याने गेल्या वेळी सरसकट राखाडी केला. मी सेक्रेटरींना पत्र दिलंय, किरण पिवळे पाहिजेत म्हणून.

प्रसन्न_औंध

काका, पत्राचा पाठपुरावा करा. आम्ही सह्या करतो.

साचेवाल्याची_लेक

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. कापडाच्या ताग्यांवर चिकटवलेली रंगीत चित्रं. देवदेवता, हत्ती, वाघ, नटलेल्या बायका. वाचता न येणारं गिऱ्हाईकसुद्धा चित्र बघून माल ओळखायचं. मँचेस्टरचे व्यापारी आपल्या देवांची चित्रं छापून इकडे पाठवत, मग इथल्या गिरण्यांनीही तेच केलं. १८९४ला राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला, त्या छापील चित्रांनी घराघरांतल्या भिंती भरल्या. आमच्या खोलीत लक्ष्मीचं चित्र होतं ते आईने कागद म्हणून नव्हे, देव म्हणून लावलेलं. काच मात्र नव्हती, आई दरवर्षी दिवाळीला ते चित्र फुंकर मारून साफ करायची.

कोणाकडे जुनी चित्रं असतील तर रद्दीत देऊ नका. गिरण्यांची नावं, कधी कधी पत्ताही त्यांवर असतो.

मँचेस्टरचा_बाब्या

ताई, हीच चित्रं इकडे संग्रहालयांत जपलेली आहेत! तुमच्या आईच्या भिंतीवर होतं त्याच घराण्यातलं. स्कॅन केलीत तर मी इकडच्यांशी ताडून बघतो.

सुतारपक्षी_६७

मूळ प्रश्नाकडे येतो. आमचं तीन पिढ्यांचं सुतारकाम, चाळींच्या दुरुस्तीत बरीच वर्षं गेली. काय बघायचं ते क्रमाने सांगतो.

खालून वर जा. खांब ज्या दगडावर टेकतो ते उथाळं, त्यावर कधी कमळाच्या पाकळ्या असतात. मग खांब, पायाशी चौकोनी, वर अष्टकोनी. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तोडे, म्हणजे बाहेर काढलेले लाकडी हात. घराच्या सुताराचा हात तिथे ओळखू येतो. कोकणातून आलेला सुतार केळफूल काढायचा, गुजराथेतला पोपट नाहीतर घोडा. दाराच्या चौकटीवर गणेशपट्टी, हिंदू मालक असला तर. कठड्याचे गज चरकावर काढलेले, एका मजल्यावर एकच नमुना, पण मजला बदलला की पुष्कळदा नमुना बदलतो, कारण काम दुसऱ्याने केलेलं. नंतरच्या चाळींत गजांच्या जागी बिडाच्या ओतीव जाळ्या आल्या, त्या मात्र सगळ्या एकसारख्या.

छपराच्या कडेला पागोळ्यांखाली लाकडी झालर असते, तिला पहिला मार बसतो म्हणून ती बहुतेक ठिकाणी गेलेली आहे. जिथे असेल तिथे आधी तिचा फोटो घ्या. बाकीचं थोडं थांबेल.

आणि सागवान जुनं असेल तर पाडकामवाल्याला तोडे वेगळे काढायला सांगा. पहार न घालता, खुंट्या ठोकून सोडवले तर अख्खे निघतात. त्या सांध्यात खिळे नसतात.

वास्तुरंग

सुतारपक्षी, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ना! कोकणी आणि गुजराथी हाताचा फरक मी इतकी वर्षं चाळी बघतोय, मला कधी दिसला नव्हता.

सुतारपक्षी_६७

लिहीन. दोन्ही प्रकारच्या तोड्यांची रेखाटनं वडिलांच्या वहीत आहेत, ती शोधून मापांसकट टाकतो.

तिसरी_पाळी

सगळ्यांच्या प्रतिसादांवरून सध्या असं ठरवतोय. प्रत्येक नोंदीत नाका, मजला, वस्तू, साहित्य (दगड, बीड, सागवान, गिलावा, सिमेंट), माप आणि आजची अवस्था. घराचा नंबर आणि राहणाऱ्यांची नावं लिहायची नाहीत. फोटोत माणसं येत असतील तर आधी विचारायचं. बीडीडीच्या नोंदीत 'नक्षी नाही' असंच लिहायचं, आणि साचेवाल्याच्या लेकीने सांगितलेली घरातली शोभा वेगळ्या रकान्यात. पहिल्या फेरीत भायखळा ते लालबाग, पागोळ्यांखालच्या झालरी आधी.

लादीवेडी

माझं नाव लिहा. लाद्यांचं माप इंचात घ्या, सेंटिमीटरमध्ये नको, बहुतेक आठ बाय आठच्या निघतील. सोबत ओलं फडकं आणते, धूळ पुसल्याशिवाय रंग फोटोत येत नाहीत.